बाबूची पोटदुखी आणि आमचं कौन्सेलिंग

मुलाला कौन्सेलिंगला न्यायचं तर खर्च किती येतो हे मला कंपनीतल्या बायकांनी विचारलंय, वाड्यावरच्यांनी विचारलंय, एकदा तर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजारात, गणपतीवर टांगतात त्या माटोळीचं सामान घेताना एकीने बाजूला घेऊन विचारलं. दर वेळी अर्धवटच सांगून होतं, कारण बस येते नाहीतर तिसरं कुणीतरी येऊन उभं राहतं. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. फी आधीच सांगते, आम्हाला एका वेळचे दोनशे रुपये पडले. पण दोनशे ऐकून लगेच खूश होऊ नका, खरा खर्च वेगळ्याच ठिकाणी होतो.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, शिफ्ट बदलत राहते. नवऱ्याचा टिपर, म्हणजे खनिज वाहायचा ट्रक, होता खाणीवर. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने खाणी बंद पडल्या (२०१२ ला पण पडल्या होत्या, पण तेव्हा वाटायचं होतील चालू), टिपर कितीतरी दिवस अंगणात तसाच उभा, चाकांत गवत वाढलं, शेवटी पडेल त्या भावाने विकला आणि लोन मात्र डोक्यावर राहिलं. आता तो दुसऱ्याच्या टॅक्सीवर ड्रायव्हर आहे, कळंगुट, बागा, मोपा विमानतळ, रात्री कधी येईल याचा नेम नाही. घरात सासूबाई, मोठी मुलगी अकरावीला, आणि हा बाबू. टिपरचं मध्येच कुठून आलं असं वाटेल, पण ते पुढे येणारच आहे.

बाबू चौथीपर्यंत वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत होता. चारही इयत्ता मिळून अठरा-वीस मुलं, एकच बाई, मधल्या सुट्टीत आजीने खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल एवढी जवळ. तिथे हा हुशार, बाई त्यालाच लहानांना पाढे शिकवायला बसवायची. पाचवीला हायस्कूल. गोव्यात बऱ्याच जणांचं असंच होतं, प्राथमिक मराठीत नाहीतर कोकणीत आणि पाचवीपासून एकदम सगळं इंग्लिशमध्ये, गणित, सायन्स, सगळं. वर्गात पन्नासेक मुलं, त्यातली अर्धी पहिलीपासून इंग्लिश मीडियमची. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि जुलै उजाडेपर्यंत रोज सकाळी "मम्मी, म्हाका पोट दुखता". आधी सोमवारी, मग रोज. रविवारी नाही, आणि शाळेची वेळ टळली की अकराच्या सुमाराला हा पेज-लोणचं खाऊन अंगणात. साहजिकच सगळे म्हणाले नाटक. शाळेत एका टीचरने तर वर्गातच म्हटलं, ड्रामा करतो म्हणून, आणि मग त्याला खरंच उलटी व्हायला लागली.

सासूबाईंनी दिष्ट (दृष्ट) काढली. मग देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाला कौल मागितला, उजवा झाला, म्हणजे काही काळजी नाही. मला पण जरा बरं वाटलं खरं सांगायचं तर. मग आरोग्य केंद्रात दाखवलं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, सगळं नॉर्मल. तिथल्या डॉक्टरणीने फार शांतपणे सांगितलं की दुखणं खोटं नाहीये, पोट खरंच दुखतं, पण कारण पोटात नाही. मन घाबरलं की आतडी आवळतात, मळमळतं, मोठ्यांना परीक्षेआधी होतं तसं. मुलांना "मला भीती वाटते" असं सांगता येत नाही, त्यांचं पोटच सांगतं. तिनेच कौन्सेलिंगचं सुचवलं.

आता शोधाशोध. म्हापशात प्रायव्हेट कौन्सेलरला फोन केला तर एका तासाचे बाराशे आणि दर आठवड्याला यावं लागेल म्हणाले. आमच्याकडे डीडीएसएसवायचं, म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, कार्ड आहे, घरात चार किंवा जास्त माणसं असतील तर वर्षाला चार लाखांचं, मला वाटलं त्यात बसेल. नाही बसत, ते ॲडमिट होऊन करायच्या उपचारांसाठी, असं बोलायला जायचं त्यात येत नाही. शाळेत कौन्सेलर असते, गोवा शिक्षण विकास महामंडळाकडून शाळांना देतात, मुलगी चांगली होती पण तिच्याकडे अजून शाळा होत्या, आमच्या शाळेत ठरलेल्या वारी यायची, आणि बाबू त्या वारी शाळेत असला तर ना. तरी तिनेच पुढे फार मदत केली, ते येतंच.

आणि बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारी आयपीएचबी आहे, मानसिक आजारांचं हॉस्पिटल, सरकारी, तिथे मुलांनाही बघतात, पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल. पण घरात नुसतं नाव काढलं तर सासूबाई रडायला लागल्या. ते हॉस्पिटल पूर्वी पणजीत आल्तिनोवर होतं, आबे फारियाच्या नावाचं, आणि त्यांच्या पिढीत "आल्तिनाक व्हरूंक जाय" (आल्तिनोला न्यायला पाहिजे) ही सरळ शिवी. नातवाला तिथे न्यायचं म्हणजे आमच्या घराण्यात वेड आहे असं गावाला सांगण्यासारखं. मी पण त्या वेळी वाद घातला नाही, माझ्याकडे तेवढी ताकदच नव्हती.

एका रात्री तो झोपेच ना, उद्या शाळा आहे ना, उद्या शाळा आहे ना, असं एकच. नवरा मोपाला भाडं घेऊन गेलेला. मी स्वयंपाकघरात जाऊन १४४१६ ला फोन लावला. हे टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलंय, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईने आधी मलाच विचारलं तुम्ही जेवलात का. मग म्हणाली, पूर्ण घरी बसवू नका, जितके दिवस घरी राहील तितकं परत जाणं कठीण होईल, आणि लवकर एखाद्या मुलांच्या सेंटरला दाखवा. ज्यांना रात्री-अपरात्री काही सुचत नाही त्यांनी हा नंबर फोनमध्ये ठेवाच.

शेवटी शाळेच्या कौन्सेलरने पर्वरीकडच्या एका ट्रस्टच्या सेंटरचा नंबर दिला. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे आधीच वेटिंग आहे आणि मी थोडी तक्रार पण करणार आहे. फोनवर पहिल्यांदा वीस मिनिटं माहिती घेतली, मग वेटिंग लिस्ट, साधारण महिना-दीड महिना. तेवढ्यात फी ठरवायचा फॉर्म आला. तिथे फी उत्पन्नावर असते, कमी पगारवाल्याला कमी. त्यासाठी रेशनकार्ड, पगाराची स्लिप नाहीतर मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला. माझी स्लिप होती, नवऱ्याचं काय लिहायचं? टॅक्सीचा सीझन असला तर बरं, पावसाळ्यात जवळजवळ काही नाही. तो म्हणाला, "भीक मागायला जातोय काय आम्ही?" आणि फॉर्म टीव्हीवर ठेवून दिला. चार दिवस तिथेच. मग मुलीने, अकरावीतल्या, गपचूप भरला आणि सहीला पुढे केला. रिसेप्शनवर मात्र कुणी एक प्रश्न विचारला नाही, स्लॅब लावला, दोनशे, आणि अडचण असेल त्या महिन्यात सांगा म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी बाबूने मला विचारलं की ते लोक माझ्यावर हात धरून उभे राहणार का. मला कळेना. मग कळलं, शाळेच्या ट्रिपला पणजीला जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियाचा पुतळा दाखवला होता, तो झगा घातलेला पाद्री आणि समोर खाली पडत चाललेली बाई. फारिया १७५६ साली कांदोळीला जन्मलेला आपलाच माणूस, संमोहनावर जगात सगळ्यात आधी काम करणाऱ्यांतला, पण मुलांना तो पुतळा बघून भीतीच वाटते. मी म्हटलं नाही रे, तिथे खेळणी असतात. जाऊन बघते तर खरोखरच खेळणी होती, देवा तुझे उपकार.

पहिली भेट दीड तासाची. बाबूला एकीने चित्र काढायला नेलं आणि आमची कौन्सेलर माझ्याशी बोलली. जन्म कसा झाला, नऊ महिने पूर्ण होते का, रडला का लगेच, कधी चालला, कधी बोलला, झोप, जेवण, मोबाइल किती, घरात कुणाला असा त्रास होता का, घरात भांडणं होतात का. शेवटच्या प्रश्नावर मी "सगळीकडे होतात तशी" म्हटलं, तिने लिहून घेतलं, पुढे काही बोलली नाही. मग तिने आम्हाला दोघांना एकत्र बसवून सांगितलं की बाबू जे सांगेल ते मी त्याला विचारल्याशिवाय मम्मीला सांगणार नाही, फक्त कुणी त्याला दुखापत करत असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल. दहा वर्षांच्या मुलाला हे असं सरळ सांगतात हे मला नवीन होतं. त्याने मान डोलावली, एकदम मोठ्या माणसासारखी.

कौन्सेलर तरुण होती, पंचविशीची असेल. नवऱ्याचा पहिला प्रश्न, ही डॉक्टर आहे का? नाही. सायकॉलॉजी शिकलेली, दर आठवड्याला तिच्या सगळ्या केसेस वरच्या सायकॉलॉजिस्टसमोर मांडायच्या अशी पद्धत. मला हे पटायला वेळ लागला नाही कारण कंपनीत पण तसंच असतं, पॅकिंग आम्ही करतो, क्यूए म्हणजे क्वालिटीवाले तपासतात. आणि ही पद्धत आपल्या गोव्यात नवीन पण नाही. संगाथ संस्था १९९६ पासून इथे आहे, त्यांनी डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन आरोग्य केंद्रांत कौन्सेलर म्हणून बसवलं आणि त्याचा नीट अभ्यास केला, २०१० साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला, सरकारी केंद्रांत फायदा दिसला. तो मोठ्या माणसांच्या डिप्रेशन आणि चिंतेवरचा होता, मुलांचा नाही, पण कोण किती शिकलंय यापेक्षा ट्रेनिंग आणि देखरेख नीट आहे का हे विचारायचं, एवढं मला त्यातून कळलं. नवऱ्याला लॅन्सेटचं काही पडलेलं नव्हतं. त्याला ती कोकणीत बोलली ते आवडलं.

मग सेशन. लोकांना वाटतं आत काहीतरी मोठं घडतं, तसं काही नसतं. एक कागदाचा थर्मामीटर काढला, शून्य ते दहा. घरी अंथरुणात शून्य, युनिफॉर्म घालताना चार, बस स्टॉपवर सहा, गेटवर आठ, वर्गात टीचरने उभं करून इंग्लिशमध्ये विचारलं तर दहा. पोटातून श्वास घ्यायला शिकवलं, पोटावर पुस्तक ठेवून. आणि मग पायऱ्या. पहिले काही दिवस फक्त युनिफॉर्म घालून गेटपर्यंत जायचं आणि परत. मग पहिला तास. मग मधल्या सुट्टीपर्यंत. भीती असतानाच तिथे थांबायचं, आठवरून आपोआप पाचवर येईपर्यंत. घाबरून पळून आलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण पुढच्या वेळी भीती जास्त मोठी होते, हे तिने त्याला समजावलं आणि मला वाटतं त्याच्यापेक्षा मलाच जास्त समजलं.

घरासाठी होमवर्क वेगळा. शाळा चुकली तर शाळेच्या वेळात टीव्ही नाही, मोबाइल नाही, आजीचे लाड नाहीत, पोट दुखतंय तर पडून राहायचं, ओरडायचं पण नाही. सकाळी "आज जाणार ना?" असं विचारायचंच नाही, कारण विचारलं की नाही म्हणायला जागा मिळते. "बूट घाल, मी दाराकडे आहे" एवढंच. ऐकायला सोपं वाटतं. पण सकाळी मी नाइट शिफ्ट करून आलेली, सासूबाई मागून "पोराक मारतली तूं" म्हणतायत, पाऊस बदाबद, आणि तो खांबाला धरून रडतोय, तेव्हा करून बघा.

म्हणूनच सासूबाईंना पण एकदा बोलावलं. त्या यायला तयार नव्हत्या, शेवटी सेंटरचं नाव पणजीची डॉक्टरीण असं सांगून नेलं. कौन्सेलरने त्यांना प्रसादाचं विचारलं, कुठे लावला, काय उजवा आला का, आणि म्हणाली बरं झालं, देवाने काळजी नको म्हटलंय ना, मग आता आपण सगळ्यांनी त्याला तेच दाखवूया, तुम्ही घाबरला नाहीत तर तो पण घाबरणार नाही. त्या दिवसापासून सासूबाई तिच्या पार्टीत. परत येताना म्हापशाला भजी पाव खाल्ला आम्ही तिघांनी.

नवऱ्याला आणणं सगळ्यात कठीण. तिथे अपॉइंटमेंट सोमवार ते शुक्रवार नऊ ते पाच, शनिवारी अर्धा दिवस, आणि शनिवारचे सगळे स्लॉट भरलेले. माझी तक्रार हीच. कमी पैशांत सेवा ज्यांच्यासाठी काढली ती माणसं दिवसभर कामावर असतात, भर आठवड्यात अकरा वाजता डिचोलीहून पर्वरीला कोण येणार? मी हिशोब केला होता. फी दोनशे. डिचोली ते म्हापसा, म्हापसा ते पर्वरी, दोघांचं जाणं-येणं. माझा अर्धा दिवसाचा पगार कापला, नवरा आला तर त्याचं त्या दिवसाचं भाडं गेलं. फी या सगळ्यांत सगळ्यात कमी. बाराशेवाल्या म्हापशाच्या माणसाकडे संध्याकाळी सातला वेळ होता, हे पण लिहिलं पाहिजे. मी रिसेप्शनवर हे बोलले, चांगल्या शब्दांत, आणि मग त्यांनी शनिवारची यादी असते त्यात नाव घातलं आणि एक आड एक सेशन फोनवर व्हिडिओ कॉलने केलं. मागितल्याशिवाय ते कुणी सांगत नाही, म्हणून सांगते, मागा.

शनिवार मिळाला तेव्हा नवरा आला. त्या दिवशी बाबूने कौन्सेलरला आधी परवानगी दिलेली की दीदी तू सांग. तर इंग्लिशची भीती होतीच, पण खाली अजून एक गोष्ट होती. मे महिन्यात बँकेच्या लोनवरून आमच्या दोघांचं मोठं भांडण झालं होतं, नवरा म्हणाला होता की मी एक दिवस कुठे तरी निघूनच जातो. बाबूला वाटत होतं आपण शाळेत असलो आणि पप्पा गेले तर? वाड्यावरची शाळा होती तेव्हा खिडकीतून अंगण दिसायचं, टॅक्सी आहे का नाही कळायचं. हायस्कूलमधून दिसत नाही. नवरा काही बोलला नाही. मग टिपरबद्दल बोलायला लागला, टिपर विकला त्या दिवसाबद्दल, मला पण कधी सांगितलं नव्हतं एवढं. कौन्सेलरने थांबवलं नाही, पण शेवटी पाच मिनिटं राहिल्यावर बाबूशी काय करायचं ते ठरवलं, रोज दुपारी मधल्या सुट्टीत पप्पा कुठे आहेत ते शाळेच्या कौन्सेलरच्या फोनवर एक मेसेज. पहिल्यांदा रोज, मग दिवसाआड, मग बंद. आणि लोनचं बोलणं मुलं झोपल्यावर, ओट्यावर नाही.

शाळेला सेंटरने पत्र दिलं, त्यात आजाराचं नाव वगैरे काही नव्हतं, फक्त काय करावं ते. उभं करून विचारू नये, उत्तर मराठीत दिलं तर चालावं, उशिरा आला तर ओरडू नये. शाळेच्या कौन्सेलरने ते पत्र प्रत्येक टीचरकडे स्वतः नेलं. बहुतेकांनी ऐकलं.

मध्ये एकदा लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करूया असं शाळेतून आलं, कारण इंग्लिश वाचताना अडखळतो. आमची कौन्सेलर म्हणाली घाई नको. ज्या भाषेत मूल चार वर्षं शिकलं त्या भाषेत वाचायला अडचण आहे का ते आधी बघायचं, मराठी धडाधड वाचत असेल तर इंग्लिशमध्ये अडखळणं हे बहुधा नवीनपणाचं. त्याला मराठी उतारा दिला, वाचला, अर्थ सांगितला, लिहून दाखवला. टेस्ट थांबवली. ज्यांच्या मुलांना खरोखर तो त्रास असतो त्यांच्यासाठी सर्टिफिकेट महत्त्वाचं असतं, परीक्षेत जास्त वेळ वगैरे मिळतो, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात पण ते येतं, त्यांनी जरूर करावी. पण नुसतं मीडियम बदललेल्या मुलावर शिक्का नको.

चवथीच्या सुट्टीनंतर सगळं परत पहिल्यापासून, पोटदुखी, उलटी, खांब. मी रडले. कौन्सेलर फोनवर म्हणाली लांब सुट्टीनंतर हे होतंच, पायऱ्या परत खालून चढा, या वेळी लवकर होईल. आणि झालं, दिवाळीच्या आत पूर्ण दिवस बसायला लागला. दिवाळीच्या सुट्टीत मग तिने आधीच सांगून ठेवलं, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गेटपर्यंत एक चक्कर मारून या. नवराच घेऊन गेला त्याला, टॅक्सीतून.

आता सेशन महिन्यातून एकदा आहे आणि पुढे बंद होतील. इंग्लिशमध्ये मार्क जेमतेम, गणितात बरे. ज्यांना जायचं आहे त्यांनी फोन करायच्या आधी रेशनकार्ड, पगाराची स्लिप आणि डॉक्टरची चिठ्ठी, असतील ते रिपोर्ट, हे एका फाइलमध्ये ठेवा, शाळेची हजेरीपत्रकाची झेरॉक्स मागून घ्या कारण कुठल्या वारी जास्त गैरहजर ते बघतात, आणि पहिल्याच फोनला शनिवार मागा, नाही म्हणाले तर व्हिडिओ कॉल मागा. नवऱ्याला पहिल्या भेटीला न्यायचा हट्ट करू नका, तिसऱ्या-चौथ्याला आला तरी चालतं. वेटिंगमध्ये असताना मूल फारच खचलंय, जेवत नाही, मरणाचं बोलतंय असं असेल तर वाट बघू नका, सरळ बांबोळीला जा, सासूबाई रडल्या तरी.